सरप्लसदादा

दुकानातली कोरी वस्तू घेणं म्हणजे स्वतःला फसवून घेणं, असं मानणारा एक दादा प्रत्येक गावात असतो. आमच्या दिवाळे गावातल्या दादांचा कोऱ्या मालावर राग आहेच, पण साध्या जुन्या मालावरही भरवसा नाही. त्यांना मिल्ट्रीचा माल लागतो. पायात चोरबाजारातून आणलेले फौजी बूट, एक नंबर मोठे. कमरेला हिरव्या कापडाच्या खोळीतली पाण्याची बाटली, जी गळते. बाटली गळते म्हटलं की दादा म्हणतात, "लढाईत गळली आसंल." त्यापुढे बोलण्यासारखं काही उरत नाही. काडतुसांच्या लोखंडी पेटीत ते सुकट ठेवतात. वहिनींच्या मते पेटीने केलेलं हे एकमेव चांगलं काम.

अशा माणसाला मोबाईलवर अमेरिकेतले व्हिडिओ दिसायला नको होते. तिकडे जुन्या फौजांची पिस्तुलं दुकानात रीतसर विकायला येतात: रशियाचं मॅकारोव्ह, तोकारेव्ह, चेकोस्लोव्हाकियाचं सीझेड. ग्रीसने माखलेलं पिस्तूल गिऱ्हाईक घरी नेतो, पुसतो आणि रविवारी रेंजवर उडवतो. दादांची झोप उडाली. "आरं, रशियाचं पिस्तूल, नि भाव आपल्या पापलेटाच्या दोन टोपल्यांचा!" जेट्टीवर होड्या लागत होत्या, मासळीचा भाव पुकारला जात होता, आणि दादा मात्र नळीत गंज किती चालतो यावर बोलत होते.

आपल्याकडे हे जमत नाही. 1959 चा शस्त्र कायदा आहे. 9 एमएमचं फौजी पिस्तूल 'प्रोहिबिटेड बोअर'मध्ये येतं, सामान्य माणसाला ते मिळत नाही. त्याच्या वाट्याला .32, तेही परवाना असेल तर. फौजेच्या वापरातून गेलेली हत्यारं फौजी अधिकाऱ्यांना जबलपूरच्या डेपोतून विकत मिळत. पुढे राजस्थानात ती बाहेरच्या बाहेर विकली गेल्याचं उघड झालं आणि प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत पोचलं. दादांनी ही सगळी हकीकत ऐकली आणि एवढंच विचारलं, "म्हंजे भेटत व्हती ना?"

नवी मुंबईच्या पोलीस आयुक्तांचं कार्यालय बेलापुरातच, गावापासून हाकेच्या अंतरावर. परवान्याचा अर्ज तिथेच. दादांनी फॉर्म आणला, ओटीवर बसून वाचला. शस्त्र कशासाठी पाहिजे, या रकान्याशी गाडी अडली. जिवाला धोका लिहावा, तर धोका कोणापासून? वहिनी आतून म्हणाल्या, "माझ्यापासून लिवा." कोणी चाचे सुचवले, कोणी सुकटीवर टपलेली मांजरं. त्यात कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीनुसार आनंदाच्या भरात हवेत बार काढला तरी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड, नाहीतर दोन्ही. म्हणजे हळदीत मिरवायची सोय संपली. वर निवडणूक आली की बऱ्याचदा हत्यार पोलीस ठाण्यात जमा करून पावती घ्यायची. ओळखीतल्या एका परवानेवाल्याने त्यांना खासगीत सांगितलं की त्याने पिस्तुलापेक्षा पावतीच जास्त वेळा हातात धरली आहे. माझ्या मते परवानेवाल्यांपैकी निम्म्यांचं सुख कमरेच्या फुगवट्यात असतं, नेमात नव्हे. पण दादा त्यातले नव्हेत. त्यांना खरोखर उडवायचं होतं.

शेवटी त्यांनी एअर पिस्तूल घेतलं. .177 बोअर, ताकद 20 ज्यूलच्या आत, परवान्याची गरज नाही. अर्थात सेकंडहँड. विकणाऱ्याने "मिल्ट्रीचा माल" असं सांगितलं होतं, आणि मिल्ट्री अर्ध्या ग्रॅमच्या छऱ्यांनी कोणाशी लढते हे विचारायचं दादांच्या मनातही आलं नाही.

नेमबाजी घरामागच्या बोळात. मासळीची थर्मोकोलची खोकी भिंतीला लावून रचली, त्यावर कागदी टार्गेट, दहा मीटरवर दादा. या टार्गेटावरचं दहाचं वर्तुळ साडेअकरा मिलिमीटर व्यासाचं असतं, शर्टाच्या बटणाएवढं. नियमाने एका हाताने मारायचं. दादांनी सिनेमासारखे दोन्ही हात लावले, मग कोणीतरी कोल्हापूरच्या राही सरनोबतांचं नाव काढलं. 2018 च्या एशियाडमध्ये 25 मीटर पिस्तुलात सोनं, तेही एका हाताने. दादांनी लगेच डावा हात खिशात घातला. श्वास रोखला. फाट्! कागद कोरा, आणि खालून दुसऱ्या खोक्यातून बर्फाच्या पाण्याची बारीक धार लागली. त्यात बांगडे होते. वहिनी आल्या, धार बघितली, पिस्तूल बघितलं आणि म्हणाल्या, "ही पण लढाईतच गळली का?"

तरी दादा रोज संध्याकाळी मारतात. हात आता थरथरत नाही, चार-पाचांतला एखादा छरा टार्गेटाच्या काळ्या भागात बसतो, आणि तो कागद ते बाजारभर दाखवत हिंडतात. पिस्तूल विकता का, असं चुकूनही विचारू नका, चहा थंड होईपर्यंत मॅकारोव्ह ऐकावं लागेल. खोकी मात्र विकायला आहेत, अर्ध्या भावात. घेताना पाणी भरून बघा.