महत्त्वाचे. पुसू नये.

पावतीवर लिहिले आहे : ‘फ्लॉप्या 40, यश 100 टक्के.’ आमच्या घराण्यात एवढे यश आजवर कुणालाच मिळालेले नाही. काकांनी पावती देवघरात ठेवली आहे.

म्हैसूरच्या मेटगळ्ळीत काकांच्या लेथच्या शेडवरच्या माळ्यावर हा खजिना सापडला. प्रत्येक फ्लॉपीवर काकूच्या टपोऱ्या अक्षरात लेबल : ‘आजी, लोणची. महत्त्वाचे. पुसू नये.’ ‘आजी, मसाले. महत्त्वाचे. पुसू नये.’ एकीवर नुसतेच ‘पुसू नये’. काय ते काकूलाही आठवेना.

फ्लॉप्या संगणकाच्या दुकानात दिल्या. दुकानदाराने दोन दिवसांत सगळे पेनड्राइव्हवर चढवले. “आयतु सार!” म्हणजे कन्नडात ‘झालं साहेब’. आमच्या मराठी कानांना मात्र कुणीतरी आयतं सार वाढल्यासारखे वाटले. एका फ्लॉपीत 1.44 एमबी मावते. चाळिसांचे मिळून साठही होत नाहीत. भाच्याच्या वरातीतला नाच याहून जास्त जागा खातो.

घरी येऊन फाइल उघडली. पडद्यावर डोक्यावर टोप्या आणि पायाशी शेपट्या असलेली रोमन अक्षरे. आजीच्या बरणीत अख्ख्या युरोपाने ओला हात घातला होता. दुकानदाराला फोन केला. फाइल आली की नाही? आली. उघडली की नाही? उघडली. मग? वाचता येणे पावतीत नाही.

काकूने आजीच्या या पाककृती 1996 साली टाइप केल्या. देवनागरीसाठीचा भारतीय प्रमाण संकेत 1991 साली ठरलेला होता, युनिकोडची पहिली आवृत्तीही त्याच साली आलेली होती. पण फॉन्ट विकणाऱ्या प्रत्येकाने ‘क’ला आपल्या मर्जीच्या पाटावर बसवले आणि वर कुलूप घातले : संगणकाच्या पाठीत खोचायचे डाँगल. डाँगल हरवले की भाषा बंद. बाराखडी आपली, आजी आपली, मिरची आपली आणि किल्ली दुसऱ्याच्या कमरेला! रूपांतर करणारा एक प्रोग्रामही चालवून पाहिला. जुन्या फॉन्टात पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होई. ती आता मागच्या शब्दाला जाऊन चिकटली. ‘तेल मिरची’चे ‘तेलि मरची’ झाले. असले लोणचे खाऊन मरेल ती मिरची नव्हे, पाहुणा. आणि आजीची मूळ वही? हळदीच्या डागांची, कोपरे दुमडलेली, चष्मा लावला की वाचता येणारी? ती आम्हीच 1996 साली रद्दीत घातली. किलोच्या भावाने. “आता कॉम्प्युटरवर आहे की!” असे म्हणणारा मीच होतो, हे इथे लिहिण्याची गरज नव्हती, पण राग कुणावर तरी काढायचा, तर थोडा घरातही काढावा.

याच म्हैसुरात ताडपत्रांवरचे कौटिल्याचे ‘अर्थशास्त्र’ सापडले आणि 1909 साली छापूनही निघाले. पोथी ग्रंथ लिपीत होती, पण तिने कुणाकडे डाँगल मागितले नाही. त्यात कौटिल्याने सरकारी धन गिळण्याचे चाळीस प्रकार मोजले आहेत. एक्केचाळिसावा त्याला सुचला नाही : धन मालकाच्याच घरी ठेवायचे आणि लिपी बदलायची.

काल काकू पेनड्राइव्हला लेबल चिकटवत होती. मी म्हटले, “पण यात आता आहे तरी काय?”

तिने लेबलाच्या शेवटच्या दोन शब्दांवर बोट ठेवले : ‘पुसू नये.’