आकृती क्रमांक १

कोकणातल्या सड्यावर, म्हणजे उघड्या कातळपठारावर, शोधनिबंध लिहायचा तर सड्यावर जायलाच हवं असं काही नाही. नकाशा मात्र हवाच. वर सहा लेखकांची नावं (त्यांत मार्गदर्शकांचे मार्गदर्शकही आले), खाली सारांश, आणि मग आकृती क्रमांक १ : अभ्यासक्षेत्र.

डावीकडच्या चौकटीत अख्खा भारत, त्यात लाल महाराष्ट्र. तिथून दोन तिरक्या रेघा. पुढच्या चौकटीत महाराष्ट्र, त्यात लाल रत्नागिरी. पुन्हा दोन रेघा. शेवटच्या चौकटीत तालुका आणि तालुक्यात एक लाल चांदणी. चांदणी एवढी थोराड, की सडा, सड्याखालची वाडी, वाडीची विहीर आणि शाळा, सगळं तिच्याखाली गडप. ज्याच्यासाठी हा खटाटोप तो सडा तेवढा दिसत नाही.

आणि उत्तरेचा बाण! निबंध परीक्षकाकडे जातो. परीक्षक चार-सहा महिने तो उशाशी ठेवतो आणि कळवतो : ‘आकृती १ मध्ये उत्तर दिशा ठळक नाही.’ जिच्या शास्त्रीय नावातच कोकण आहे ती दीपकाडी पहिल्या पावसात कातळावर किती दिवस फुलते, हे त्याने विचारलेलं नसतं. लेखक बाण मोठा करतात. दुसरी फेरी : ‘बाण ठीक, रिझोल्यूशन ३०० डीपीआय करावे.’ लेखक तेही करतात आणि जाता जाता बाणाला नक्षी काढतात. तिसऱ्या फेरीत प्रमाणपट्टी हलते, चौथ्या फेरीत बाणाखाली होकायंत्राचं आठ पाकळ्यांचं कमळ उगवतं. शेवटी बाण दापोलीपासून राजापूरपर्यंत उभा राहतो आणि निबंध स्वीकारला जातो. कोकणात आजवर कुणाला उत्तर सापडली नाही अशी तक्रार ऐकिवात नाही. डाव्या हाताला समुद्र ठेवला की झालं.

तोवर इकडे सड्यावर चिरे काढायचं यंत्र चढलेलं असतं. आकृतीत चांदणीखाली सडा शाबूत, कारण उपग्रहाचं छायाचित्र जुनं.

निबंध छापायचे पैसे वेगळेच. लेखकाने दोन-तीन हजार डॉलर भरले तर जगाला तो फुकट. नाही भरले तर वाचणाऱ्याने तीस-चाळीस डॉलर मोजायचे. बाण तपासणाऱ्या परीक्षकाला छदाम नाही. आणि ज्याने वाट दाखवली, कुठल्या डबक्याकाठी सीतेच्या आसवांची फुलं दाट येतात ते सांगितलं, ज्याच्या पडवीत सहापैकी प्रत्यक्ष आलेले दोन लेखक पोटभर जेवले, त्याने स्वतःच्या सड्याविषयी वाचायला तीन हजार रुपये काढायचे? तेही इंग्रजीत? आभारात त्याचं नाव ‘स्थानिक रहिवासी’. अहो, जेवलात ना त्याच्याकडे? मग नाव लिहायला शाई कमी पडली? बाणाच्या कमळाला पुरली ती!

मग हे वाचतं कोण? पदोन्नतीच्या फायलीतला कारकून, तोही शीर्षकापुरता. मन लावून वाचणारे दुसरेच. १९९९ साली दक्षिण चीनमधल्या एका गुहापालीची नवी जात म्हणून नोंद प्रसिद्ध झाली, ठिकाणासकट. हौशी लोकांना ही पाल विकणाऱ्यांनी ती नीट वाचली, आणि मूळ ठिकाणी पाल उरली नाही. तेव्हापासून दुर्मीळ जिवांचे नेमके अक्षांश-रेखांश छापू नका, असं शास्त्रज्ञच एकमेकांना बजावू लागले आहेत.

आमच्या संशोधकांनी ही खबरदारी कधीच घेतलेली आहे, हे मान्य करायला हवं. त्या चांदणीच्या भरवशावर दीपकाडी चोरायला निघालेला माणूस रत्नागिरीच्या एसटी स्टँडवर उतरेल आणि वडापाव खाऊन परत जाईल. चिरेखाणवाल्याला आकृती क्रमांक १ लागतच नाही. त्याच्या हातात सातबारा असतो आणि सातबाऱ्यावर सडा ‘पोटखराबा’ असतो.