भरीतदार

सरकारी नोकरीतून सेवानिवृत्त झालेला मनुष्य कायमचा घरी येतो तेव्हा त्याला असे आढळून येते की, ज्या घराचा कुटुंबप्रमुख म्हणून आपण इतकी वर्षे कागदोपत्री मिरवत आलो, त्या घरातील सर्व खाती आपल्या गैरहजेरीत केव्हाच वाटली गेली असून आपल्या वाट्याला वर्तमानपत्र आणि दूधवाल्याचा हिशेब यांपलीकडे काहीही शिल्लक राहिलेले नाही. आणि मग, लहानसा का होईना, पण स्वतःचा असा एखादा अंमल बसवण्याच्या खटपटीला तो लागतो. कोणी बागेकडे वळतो, कोणी पाण्याच्या मोटारीची वेळ आपल्या हाती घेतो, कोणी ज्येष्ठ नागरिक संघाची घटना दुरुस्त करू लागतो. परंतु वाई-सातारा-कऱ्हाड या टापूत, जेथे कृष्णाकाठच्या वांग्याचा अभिमान हा वतनासारखा बापाकडून मुलाकडे जातो, तेथे मामलेदार कचेरीतून अव्वल कारकून म्हणून उतरलेल्या गृहस्थाची दृष्टी बहुधा भरतावर स्थिरावते. अशा गृहस्थाला आम्ही, अर्थातच त्याच्या माघारी, भरीतदार म्हणतो.

भरीतदाराला दुसरा कोणताही पदार्थ येत नाही, आणि येत नाही याची त्याला खंतही नाही. चहा सांगून मिळतो, वरणभात आपोआप मिळतो. भरीत मात्र, त्याच्या मते, बायकांच्या हाती सोपवण्याइतके किरकोळ प्रकरण नव्हे. आषाढातल्या कांदेनवमीला तो वांग्याचा जड अंतःकरणाने निरोप घेतो, चातुर्मास शिस्तीने पाळतो, आणि मार्गशीर्षात चंपाषष्ठीला खंडोबाच्या नैवेद्याचे रोडगे व भरीत करण्याची वेळ आली की, रजेवरून रुजू झालेल्या अंमलदाराच्या चालीने, पिशवी घेऊन मंडईत हजर होतो.

मंडईतला त्याचा मुआयना पाहण्यासारखा असतो. ढिगातल्या मालाची आणेवारी तो उभ्याउभ्याच करतो. वांगे हाती घेऊन त्याचे वजन तळव्यावर जोखतो, कारण आकाराच्या मानाने हलके ते कमी बियांचे, ही त्याची कायम झालेली नजीर आहे. देठ हिरवा आणि ताठ आहे की नाही ते पाहतो. कातडीवर किडीचे एखादे सूक्ष्म छिद्र आढळल्यास ते विक्रेतीच्या निदर्शनास आणून देतो आणि तिची कैफियत ऐकून घेतो. “कुठल्या गावचं?” हा त्याचा शेवटचा प्रश्न. वास्तविक त्या बाईने ते पहाटे अडत्याकडून उचललेले असते. पण अनुभवाने शहाणी झालेली ती बाई नदीकाठच्या एखाद्या गावाचे नाव बेधडक सांगते, आणि पाटी घटकेत रिकामी होते.

घरी गॅस आहे, पण भरीतदाराला तो मंजूर नाही. परसात कोळशाची शेगडी पेटते, वांग्याला तेलाचा हात लागतो आणि सुरीच्या टोकाने दोनचार टोचे पडतात, नाहीतर आतली वाफ कोंडून ते निखाऱ्यावर फुटते. त्यानंतर तो पाटावर बैठक मारून देठ धरून वांगे एकेका अंगावर फिरवू लागतो. येथे मात्र थट्टा बाजूला ठेवून लिहिले पाहिजे, कारण या गृहस्थाला हे काम खरोखरच येते. साल काळी पडून सुरकुतते, देठाजवळचा भाग, जो घाईच्या स्वयंपाकात हमखास कच्चा राहतो, बोटाने दाबला असता लोण्यासारखा खचतो, चिरेतून निघालेला रस निखाऱ्यावर पडून चर्रर्र करतो, आणि त्या धुराचा वास आळीच्या टोकापर्यंत जातो. मग तो वांगे ताटलीत घेऊन त्यावर पातेले पालथे घालतो. कोंडलेल्या वाफेने साल सैल होऊन हाताने सुटून येते. तिला पाण्याचा स्पर्श तो होऊ देत नाही. धुवून सोललेल्या वांग्याचा धूर मोरीत जातो, एवढे एक वाक्य तो प्रतिवर्षी उच्चारतो, आणि ते खरेही आहे.

पण या सर्व पूर्वपीठिकेनंतर खटल्याचा मुख्य मुद्दा येतो, तो गुळाचा. भरीतदाराच्या घराण्याचा शिरस्ता असा की, गर गरम असतानाच त्यात गुळाचा खडा चुरून जिरवायचा, गर निवल्यावर दही घालायचे, कारण गरम गरात दही फाटते, मग हिंग, मोहरी, हळद आणि हिरव्या मिरचीची चरचरीत फोडणी, आणि कांदा अगदी पान वाढतेवेळी, म्हणजे त्याला पाणी सुटत नाही. यातला गूळ किती, हे मात्र कोठेही नमूद नाही. तो असावा, पण दिसू नये. आयुष्यभर नामंजूर अर्जांची उत्तरे अर्जदाराला मान राखल्यासारखे वाटावे अशा भाषेत लिहिणाऱ्या मनुष्याला हे प्रमाण उपजतच कळत असावे.

दुर्दैवाने त्याची सून जळगावची आहे. तिच्या माहेरी थंडीत मळ्यात भरताच्या पार्ट्या होतात, हिरवी मोठी वांगी काट्याकुट्यांच्या जाळावर भाजून, लाकडी बडगीत हिरव्या मिरच्या आणि लसणासह ठेचून, कांद्याची पात आणि शेंगदाणे घालून, कळण्याच्या भाकरीबरोबर खातात. आणि त्या भरतात गूळ घालणे म्हणजे तिच्या लेखी फौजदारी गुन्हा आहे. 2016 साली जळगावच्या भरताच्या वांग्याला भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा तिने ते वर्तमानपत्र सासऱ्यांच्या चष्म्याशेजारी, काहीही न बोलता, उघडे करून ठेवले. भरीतदार पेचात पडला. सरकारदप्तरी नोंद झालेल्या गोष्टीला हरकत घेणे त्याच्या रक्तात नव्हते. संध्याकाळपर्यंत त्याने ते कात्रण तीन अंगांनी वाचले आणि चहाच्या वेळी निकाल जाहीर केला: मानांकन वांग्याला आहे, भरताला नाही; सबब गुळाची वहिवाट अबाधित राहील.

पंक्तीला बसलेल्या पाहुण्याची खरी परीक्षा याच्या पुढे असते. “गूळ लागतोय का?” असे भरीतदार सहज विचारल्यासारखे विचारतो. लागतो म्हणावे, तर तो अपमान, कारण गूळ लागता कामा नये. लागत नाही म्हणावे, तर तो ताटात आणखी एक खडा चुरतो. जाणते लोक “कुठेतरी आहे, खरं!” असे पुटपुटून भाकरीचा मोठा घास तोंडात घालतात.

यंदाच्या चंपाषष्ठीला हाच प्रश्न सुनेकडे गेला. तिने एक घास खाल्ला, जरा वेळ विचार केला आणि म्हणाली,

“गुळाचं नाही सांगता यायचं, बाबा. मीठ राहिलंय.”

क्षणभर पंक्तीत कोणी हात हलवला नाही. मिठाचा सट शेगडीपासून हातभर अंतरावर सकाळपासून हजर होता. गुळाची सुनावणी लांबल्यामुळे त्याची जबानी घ्यायचे राहून गेले होते. भरीतदाराने एक घास घेऊन स्थळपाहणी केली, पाणी प्यायला, आणि स्वयंपाकघराच्या दारात उभ्या असलेल्या आपल्या पत्नीकडे पाहत अत्यंत शांतपणे म्हणाला,

“मीठ तुमच्याकडे असतं ना?”