झाकली मूठ, धूळ सव्वा लाखाची

वर्धेकरांनो, अभिनंदन! केंद्राच्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात महाराष्ट्रातली १९ शहरं हवेच्या परीक्षेत नापास आहेत. नागपूर नापास, अमरावती नापास, चंद्रपूर तर हमखास नापास. आपलं नाव यादीत नाही. पाच वर्षांच्या मोजणीत हवा निकषात बसली नाही की शहर यादीत जातं. म्हणजे नापास व्हायलाही आधी पेपरला बसावं लागतं.

समजा, उद्या एखादा संशोधक बजाज चौकात यंत्र मांडून बसला. तो गाळणकागद तोलणार, चोवीस तास त्यातून हवा ओढणार आणि पुन्हा तोलणार. डोळ्यांना दिसेल तो नुसता काळपट डाग, पण प्रयोगशाळेत तो घडाघडा बोलू लागतो. सिलिकॉन, ॲल्युमिनियम म्हणजे माती आणि रस्त्याचा फुफाटा. काळा कार्बन भरपूर असला की संशय डिझेलवर. पोटॅशियम वाढलं की कुठंतरी पऱ्हाटी पेटलीय. सल्फेट कोळशाकडे बोट दाखवतं. मग संगणक गणित मांडून ज्याचा त्याचा वाटा काढतो. नागपूरची ‘नीरी’ असं काम मुंबईत करून आली. वर्धा तर वाटेतच लागतं!

पण वाटणीच्या बैठकीत काय होईल?

ठेकेदार म्हणेल, “रस्ता मी केला, धूळ गाड्यांनी उडवली.” ट्रकवाला म्हणेल, “पीयूसी आहे ना भाऊ, हे पाहा!” जिनिंगवाला म्हणेल, “आमची रुई पांढरी, डाग काळा. विषय संपला.” कचरा डेपोतली आग आपोआप लागते, हे तर सरकारी कागदावरच असेल. शेतकऱ्याला बोलावलेलंच नसेल, तेव्हा मुख्य आरोपी तोच.

तेवढ्यात संशोधक चाचरत सांगेल, की रस्त्याची धूळ आणि शेतातली माती यांचं रसायन इतकं सारखं, की गणिताला त्या वेगळ्या करणं जड जातं. शिवाय सल्फेटचे कण वाऱ्यावर शेकडो किलोमीटर प्रवास करतात. बस्स! टाळ्यांच्या कडकडाटात ठराव मंजूर होईल: धूळ निसर्गाची, धूर चंद्रपूरचा, चहा ठेकेदाराचा.

पीएम २.५ चा, म्हणजे हवेतल्या अतिसूक्ष्म कणांचा, आपल्या देशाचा वार्षिक निकष घनमीटरमागे ४० मायक्रोग्रॅम, जागतिक आरोग्य संघटनेचा ५. आपण नेमके कुठं बसतो, हे कळायला मोजणी हवीच. मात्र वाळूच्या ट्रकवर ताडपत्री टाकायला आणि पेटलेला कचरा विझवायला कोणत्याही अहवालाची वाट पाहावी लागत नाही.

म्हणून मतं मागायला कुणी दारात आलं, की यंत्र मागा. आणि ते बजाज चौकातच लावायला सांगा. हनुमान टेकडीवरच्या झाडांत लावलं, तर वर्धा राज्यात पहिलं येईल.