मुरलेल्या जलयात्रिकांची फर्माने
मायामीहून कॅरिबियन समुद्रात वारंवार संचार करणाऱ्या, आणि म्हणूनच नवख्यांना उपदेश करण्याचे वतन आपल्याच नावे लागले आहे असे समजणाऱ्या, प्रवाशांचे फर्मान असे की, बंदरी एक दिवस आधीच दाखल व्हावे, खोली जहाजाच्या मध्यभागी खालच्या मजल्यावर, जेथे हेलकावे कमी, तेथेच घ्यावी आणि पोलादी भिंतींसाठी चुंबकीय आकडे न्यावेत. हे रास्तच. परंतु २०२४ पासून फिरणाऱ्या ‘आयकॉन ऑफ द सीज’ या २० मजली प्रवासी जहाजावर, सागरदर्शनाच्या मिषाने आलेले हेच सद्गृहस्थ पहाटे तरणतलावाकाठच्या खुर्च्यांवर टॉवेल अंथरून कब्जेवहिवाट सिद्ध करतात व निर्धास्तपणे न्याहारीस जातात. वाटेतल्या नासाऊ बंदराच्या धक्क्यावर उशिरा धावत येणाऱ्या सहप्रवाशाची फजिती सज्जातून टाळ्या वाजवीत पाहणे, हा तर त्यांच्या मते तिकिटातच अंतर्भूत असलेला करमणुकीचा कार्यक्रम!