प्रस्थानोन्मुख नेतृत्वाची थोरवी

जेम्स मॅकग्रेगर बर्न्स यांनी 1978 मध्ये नेतृत्वाचे दोन प्रकार सांगितले: मोबदल्याच्या देवघेवीवर चालणारे व्यवहारनिष्ठ नेतृत्व आणि अनुयायांची ध्येयेच उंचावणारे परिवर्तनकारी नेतृत्व. महाराष्ट्राच्या प्रशासनाने त्यात घातलेली भर, म्हणजे रुजू होतानाच निघण्याच्या तयारीत असलेले प्रस्थानोन्मुख नेतृत्व, विद्वानांच्या नजरेतून अकारण निसटली आहे.

राज्याच्या 2005 च्या बदली अधिनियमाने अधिकाऱ्याला एका पदावर सर्वसाधारणपणे तीन वर्षे ठेवण्याचे सुचवले, आणि अपवादात्मक परिस्थितीत लेखी कारणे नोंदवून मुदतपूर्व बदलीची मुभाही दिली. या मुभेचा इतका मनःपूर्वक आदर झाला की तीन वर्षे टिकणे हाच अपवाद ठरला, फक्त त्याची कारणे मात्र कोणी लेखी नोंदवत नाही. या शैलीचा कार्यक्षमतेवरील परिणाम निर्विवाद आहे: निर्णयच न झाल्याने चुकीचा निर्णय होत नाही, आणि जबाबदारी नेहमी आधीच्या साहेबांवर असल्याने विद्यमान साहेब निष्कलंक राहतात. अतिरिक्त कार्यभाराची, म्हणजे एकाच अधिकाऱ्याने दोन खुर्च्या सांभाळून दोन्हींवर न बसण्याची, प्रथाही याच परंपरेतली. पुढचे तर्कशुद्ध पाऊल म्हणजे नेमणूक आणि बदली यांचे आदेश एकाच कागदावर, पाठपोट, काढणे, कागदही वाचेल.

अडचण एवढीच उरते की साहेबांच्या खुर्चीमागील नामफलकावर आता जागा नाही, आणि नव्या फलकाच्या प्रस्तावावर सही करण्याचा अधिकार ज्यांना आहे, ते साहेब फलकावर नाव लागल्याशिवाय पदभार घेत नाहीत.