‘प्रवासाचे प्रयोजन’ या रकान्यास अनावृत पत्र

प्रति,
श्रीयुत ‘प्रवासाचे प्रयोजन’,
मुक्काम शेंगेन व्हिसा अर्ज.

महोदय, सा. न. वि. वि.

ज्वारीच्या खोडमाशीवर शोधनिबंध वाचायला मी व्हिएन्नाला निघालो आहे. आपण पर्यटन, व्यवसाय, सांस्कृतिक, क्रीडा अशा चौकटी मांडून बसला आहात. खोडमाशी कुठे बसवू?

आमचे एजंट म्हणतात, “टुरिस्ट टाका सर, प्रश्न कमी विचारतात.” त्यांचे अगदीच चुकते असेही नाही. कार्यक्रमपत्रिकेत डॅन्यूबवरचा नौकाविहार आहे, शाही भोजन आहे, आणि दुपारच्या सत्राला अध्यक्ष व पुढचा वक्ता एवढेच उरतात हे परिषदांना जाणारा प्रत्येक जण जाणतो. पण विमानतळावर कुणी माझी पोस्टरची नळी उघडली, तर किडलेल्या पोंग्यांचे फोटो बघून त्याला पर्यटन कसे पटावे?

बरे, व्यवसाय म्हणावे, तर नोंदणी शुल्क माझे, विमानभाडे माझे, आणि मिळकत म्हणजे गळ्यातले ओळखपत्र. इतका आतबट्ट्याचा व्यवहार आमच्या तालुक्यातल्या साखर कारखान्यानेही केला नसेल.

शेवटी आपली २००९ची व्हिसा संहिताच उघडली. व्यापार, उद्योग किंवा कामाशी संबंधित परिषद तिथे व्यवसायाच्या खात्यात आहे. वैज्ञानिक कार्यक्रम मात्र राजकीय, सांस्कृतिक, क्रीडा आणि धार्मिक कार्यक्रमांच्या पंगतीला. म्हणजे कीटकनाशक कंपनीचा साहेब माझ्या शेजारच्या खुर्चीत बसून तेच भाषण ऐकणार, पण तो व्यावसायिक आणि मी यात्रेकरूंच्या रांगेत!

अमेरिकेत परिषदेसाठी बी-१ आणि पर्यटनासाठी बी-२. आम्हा भारतीयांना बहुधा दोन्ही एकाच शिक्क्यात मिळतात. ब्रिटनने तर दोन्हींसाठी एकच व्हिजिटर व्हिसा ठेवला आहे. आणि आम्ही? भारतात परिषदेला येणाऱ्या परदेशी पाहुण्यासाठी आमच्या सरकारने निराळा ई-कॉन्फरन्स व्हिसाच काढला आहे, वर परराष्ट्र मंत्रालयाची राजकीय मंजुरी. त्यामुळे आपल्यावर रागवताना आवाज जरा खाली ठेवतो.

तरी बेफिकीर राहवत नाही. फी ९० युरो, अर्ज नाकारला तरी ती परत नाही. आणि नकाराच्या छापील पत्रात ‘प्रयोजनाचे समर्थन दिलेले नाही’ हे कारण तयारच असते. साहेबाने फक्त खूण करायची.

तेव्हा एजंटांचा मान राखून त्यांचा सल्ला बाजूला ठेवतो. हातात आयोजकांचे निमंत्रण, कॉलेजचे ना हरकत प्रमाणपत्र, रजेचा मंजूर अर्ज, आणि अर्जात मात्र पर्यटन, हे माझ्याने होणार नाही. मी ‘इतर’वर खूण करून पुढे स्वच्छ अक्षरात ‘वैज्ञानिक परिषद’ असे लिहिले आहे. अर्ज पुन्हा छापाल तेव्हा या दोन शब्दांची एक चौकट वाढवावी, ही विनंती.

आपला नम्र,
कीटकशास्त्राचा एक प्राध्यापक (स्वखर्चाने)